वर्गात कादंबरी वाचायची तर तात्पर्य विचारू नका

पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, की सर, मोबाईलच्या जमान्यात कादंबरी कोण वाचणार, आणि तीसुद्धा मराठी, आमचा मुलगा शाळेत इंग्लिश, सोसायटीत गुजराती आणि आजीशी तेवढं मराठी बोलतो. खरंय ना! म्हणूनच मी मुलांना वाचायला लावत नाही, मी वाचून दाखवतो. बडोद्यातल्या आपल्या पोरांना ऐकून सगळं कळतं, गाडी अडते ती जोडाक्षरापाशी. एक प्रत, वीस मिनिटं, बस.

एकट्याने वाचलं की आपल्याला वाटलं तेच बरोबर असं वाटत राहतं. सगळ्यांनी मिळून ऐकलं की कळतं, ज्या माणसाची मला दया आली त्याचाच शेजारच्याला राग आलाय. एम्पथी एम्पथी म्हणतात ती, म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघणं, मला विचाराल तर इथे सुरू होते, पुस्तकातल्या माणसाच्याही आधी बाकावरच्या माणसापासून.

आता आठवीच्या मुलांबरोबर 'बनगरवाडी' घेतली होती. व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी, 1955 ची. माणदेशातली धनगरांची वस्ती, तिथे आलेला कोवळा मास्तर. त्यात शेकूचा प्रसंग आहे, बैल नाही म्हणून त्याची बायको जुवाला खांदा देते. वाचलं आणि लगेच एक मुलगा म्हणाला, ट्रॅक्टर का नाही बोलावला? सगळे हसले, मीपण हसलो. मग मुली म्हणाल्या, "बिच्चारी." या बिच्चारीपाशी बहुतेक मास्तर खूश होऊन पुस्तक मिटतात, मुलं संवेदनशील झाली म्हणून. काही झालेली नसतात हो, बिच्चारी म्हटलं की आपण सुटलो, एवढंच असतं ते.

अशा वेळी "तुला काय वाटलं" हे मी विचारत नाही, त्याला पोरं पाठ केलेलं उत्तर देतात. मी विचारलं, शेकू कुठे उभा आहे? "मागे." मग त्याला काय दिसतंय? मागच्या बाकावरचा एक पोरगा, एरवी कधी तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "तिची पाठ." आणि मग स्वतःच म्हणाला, "सर, तो हाकताना बोलत काय असेल? बैलाला बोलतात तसं बायकोला कसं बोलणार?" झालं, भांडण पेटलं. एक म्हणे त्यानेच जू घ्यायला हवं होतं, दुसरी म्हणे मग मागून दाबून कोण धरणार, त्यालापण ताकद लागते, तिसऱ्याचं म्हणणं की शेजाऱ्यांनी बैल का नाही दिला ते आधी सांगा. तास संपला तरी मी निकाल दिला नाही. हेच सगळ्यात अवघड आहे, मास्तरची जीभ तात्पर्यासाठी शिवशिवत असते.

कोणीतरी विचारेलच, याला सायंटिफिक प्रूफ काय. 2013 मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये किड आणि कस्टानो यांचा अभ्यास आला होता, मोठ्या माणसांना साहित्यातले छोटे उतारे वाचायला दिले तर नुसते डोळ्यांचे फोटो बघून समोरच्याची मनःस्थिती ओळखणं थोडं सुधारतं, असा. पेपरवाल्यांनी डोक्यावर घेतलं. पुढे 2016 मध्ये इतरांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला तर परिणाम काही सापडला नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. एका उताऱ्यात माणूस बदलायला ती काय पोलिओची लस आहे? वर्षभर वाचा, मग बोलू.

आणि पुस्तकं मिळत नाहीत हे तर बडोद्यात बोलूच नका! सयाजीरावांनी 1906 मध्ये प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचं केलं, 1910 मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचा ग्रंथपाल आणला, आणि फिरत्या वाचनालयाच्या लाकडी पेट्या खेडोपाडी जायच्या. आपल्याला मांडवीतल्या सेंट्रल लायब्ररीपर्यंत जायचा कंटाळा येतो.

पुस्तक निवडताना एकच बघा, त्यात निदान एक माणूस असा हवा जो मुलांना आवडणार नाही. सगळेच गुणी असतील तर बोलायला काही उरत नाही. मुलं कंटाळली तर पुस्तक बदला, त्यात मास्तरचा अपमान नाही. मार्क, प्रोजेक्ट, वर्कशीट काही नको, आणि तास शनिवारचा शेवटचा घ्या. तो हेडमास्तरांकडून मिळवायचा कसा हा मात्र वेगळाच विषय आहे, तो चहाच्या वेळी, इथे माईकवर नको.