लॅपटॉपमधला आवाज नेमका कुठे घडतो?

श्रोतेहो, लॅपटॉपमधून संगीत ऐकण्यासाठी कोणती जोडणी चांगली, असे मला वारंवार विचारले जाते. त्याचे उत्तर शोधण्याआधी आपण दुसरा एक प्रश्न विचारावा, असा माझा आग्रह आहे: आकड्यांचे विजेच्या लहरीत रूपांतर कोणत्या ठिकाणी होते? सीडीच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण म्हणजे डाव्या-उजव्या प्रत्येक ध्वनिवाहिनीसाठी सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेली आणि १६ बिटांत लिहिलेली मोजमापे. दोन वाहिन्या मिळून सेकंदाला सुमारे १४ लाख बिट होतात. या आकड्यांपासून विद्युतदाब तयार करणाऱ्या चिपला डॅक म्हणतात, आणि हा डॅक कुठे बसवला आहे यावर पुढचे पुष्कळ काही अवलंबून असते.

हेडफोनच्या ३.५ मिलिमीटरच्या छिद्रातून सहसा आकडे बाहेर येत नाहीत; रूपांतर आतच उरकलेले असते. साध्या हेडफोनवर ते बहुधा उत्तम ऐकू येते, आणि त्याला उगाच नावे ठेवू नयेत. अडचण येते ती तिथून अ‍ॅम्प्लिफायरला वायर नेली की. एका श्रवणसत्रात मी तशीच वायर जोडली होती. आलापातल्या विरामात तानपुऱ्याखाली एक जाड घूंऽऽ ऐकू येऊ लागला, आणि तोही गायिकेच्या षड्जाशी न जुळणारा. चार्जर काढताच तो नाहीसा झाला. चार्जरचे अर्थिंग आणि अ‍ॅम्प्लिफायरचे अर्थिंग त्या वायरमुळे एकमेकांना जोडले जाऊन वर्तुळ पूर्ण होते, त्यातून अगदी थोडा प्रवाह वाहतो, आणि आपल्याकडच्या विजेची ५० हर्ट्झची कंप्रता तिच्या पटींसह स्पीकरमध्ये उतरते.

यावरचा मला सर्वांत आवडणारा उपाय म्हणजे प्रकाशाची केबल. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेल्या या जोडणीत आकडे लाल प्रकाशाच्या उघडझापीने जातात. मधे धातूच नसल्यामुळे ते वर्तुळ तुटते. २०१६ पूर्वीच्या अनेक मॅकबुकमध्ये हा दिवा हेडफोनच्या छिद्रातच बसवलेला असे; योग्य टोकाची केबल लावली की तिच्या दुसऱ्या टोकाला लाल ठिपका उजळलेला दिसे. आजच्या लॅपटॉपमध्ये ही सोय क्वचितच आढळते, मात्र यूएसबीवर चालणाऱ्या छोट्या डबीतून ती मिळवता येते. या मार्गाने दोन वाहिन्या संपीडनाशिवाय, म्हणजे आकडे दाबून लहान न करता, जातात; मात्र चित्रपटाचा ५.१ म्हणजे सहा वाहिन्यांचा ध्वनी हवा असेल तर तो डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस अशा संपीडित रूपातच पाठवावा लागतो.

टीव्हीला चित्र आणि ध्वनी एकत्र नेणाऱ्या एचडीएमआय जोडणीला ही मर्यादा नाही. तिच्यातून आठ वाहिन्या संपीडनाशिवाय जाऊ शकतात आणि रूपांतर टीव्हीत किंवा रिसीव्हरमध्ये होते. केबल लावूनही आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला, तर ध्वनीच्या सेटिंगमध्ये तो टीव्ही निवडावा, एवढेच.

बाहेरचा यूएसबी डॅक घेतला की रूपांतर लॅपटॉपच्या पेटीबाहेर जाते, आणि असिंक्रोनस पद्धतीच्या डॅकमध्ये आकड्यांची लय लॅपटॉपऐवजी डॅकचे स्वतःचे घड्याळ सांभाळते. तरीही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. यूएसबीच्या केबलमध्ये धातूची तार असते, त्यामुळे मघाचा घूंऽऽ महागड्या डॅकनंतरही शिल्लक राहू शकतो. शिवाय विंडोज सर्व प्रोग्रामांचे आवाज एकत्र मिसळते, आणि त्यासाठी सेटिंगमध्ये ४८,००० हा दर निवडलेला असेल तर ४४,१०० चे गाणेही त्याच दरात बदलून पाठवते. ज्यांना मूळ आकडे जसेच्या तसे हवे आहेत त्यांनी संगीताच्या प्रोग्राममधला एक्सक्लुझिव्ह मोड सुरू करावा.

ब्लूटूथमध्ये डॅक थेट हेडफोनमध्ये असतो, मात्र वाटेत आकडे पुन्हा संपीडित होतात: एसबीसी या संपीडनपद्धतीच्या नेहमीच्या वरच्या दर्जात सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट, तर एलडॅक या दुसऱ्या संपीडनपद्धतीत (डॅक चिपशी तिचा संबंध नाही) जास्तीत जास्त ९९०. ऐकण्यासाठी हे पुष्कळदा पुरेसे असते. ऑनलाइन बैठकीत मात्र हेडफोनचा माइक सुरू होताच बहुतेक जोडण्या संभाषणाच्या पद्धतीवर जातात आणि संगीत टेलिफोनवरून आल्यासारखे होते. ऑनलाइन गायन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी अशा वेळी माइक म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडावा. गुरूंचा स्वर हेडफोनमध्ये पुन्हा भरीव ऐकू येईल.