आधी पाय मोजा

मंडळी, हे पऱ्हाटीचं पान आज सकाळी इथल्याच वावरातून आणलं. पालथं करा. बारीक लालसर ठिपके चालताना दिसतात, तो लाल कोळी. आता भिंग लावा आणि पाय मोजा. मोठा कोळी बघा, कारण अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला सहाच पाय असतात. मोठ्याला आठ भरतात. कीटकाला पाय सहा. म्हणजे हा कीड असला तरी कीटक नव्हे. हा विंचवाच्या गोतातला. कीटकांवरची बरीच औषधं याला लागू पडत नाहीत. उलट याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि हा वाढतो. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. एक फवारणी जरी वाया जाण्यापासून वाचली, तरी मला ती मोलाची वाटते. म्हणून अवयवांची नावं शिकायची.

पुस्तकात या सगळ्यांना अपृष्ठवंशी म्हणतात. शब्दाला घाबरू नका. पृष्ठ म्हणजे पाठ, आणि वंश म्हणजे वेळू. पाठीतला कांड्याकांड्यांचा वेळू, म्हणजे आपला मणका. तो ज्यांना नाही ते अपृष्ठवंशी.

नाकतोडा घ्या. त्याचे भाग तीन: डोकं, वक्ष, उदर. डोक्यावर दोन शृंगिका, ज्यांना आपण मिशा म्हणतो. वास आणि स्पर्श त्यांनीच कळतो. सहाही पाय वक्षाला, पंखही वक्षालाच. उदराच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं असतात, ती श्वासरंध्रं. नाकतोडा तोंडानं श्वास घेत नाही. त्याचं हृदय पाठीकडून आणि मुख्य चेतारज्जू, म्हणजे मज्जातंतूंची दोरी, पोटाकडून जाते; आपल्या नेमकं उलट. हाडं आत नाहीत, बाहेरचं कवच हाच सांगाडा. तो वाढत नाही, म्हणून कात टाकावी लागते. जाळं विणणाऱ्या कोळ्याचं डोकं आणि वक्ष मात्र एकजीव असतं, त्याला शिरोवक्ष म्हणतात, आणि शृंगिका त्याला नसतातच.

अळीपाशी लोक अडतात. 'सर, हिला तर पुष्कळ पाय!' खरे पाय तीनच जोड्या, वक्षाला, सांध्यांचे. मागचे मांसल, पकडीसारखे, ते उपपाद. बोंडअळीला उपपादांच्या पाच जोड्या असतात. सोयाबीनवरच्या हिरव्या उंटअळीला तीनच. मधे टेकायला पाय नाहीत, म्हणून ती पाठ उंच करून चालते. उंटअळी हे नाव ज्यानं ठेवलं त्यानं फार नीट पाहिलं होतं.

पेरणीनंतर कोवळी रोपं कुरतडणारी वाणी आणि गोम यांत गल्लत होते. वाणीच्या बहुतेक खंडांना पायांच्या दोन-दोन जोड्या, गोमीला एकेक. वाणी रोप खाते. गोम शिकारी, तिच्या डोक्यामागची पायांची पहिली जोडी विषारी नख्यांची झालेली असते. गांडुळाला पायच नाहीत. बोट उलटं फिरवलं की खरखर लागते, ते त्याचे दृढरोम, मातीत रोवून पुढं सरकायला. गोगलगायीचं अख्खं तळवट हाच एक पाय.

आता बोलणं पुरे. भिंगं चार आहेत, पानं भरपूर. मागच्या रांगेतल्या पोरींनी आधी यावं, पाय मोजावे, आणि आकडा मोठ्यानं सांगावा.