बेस, बॅस की बास? एकदाचं मिटवून टाकू

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत मी ‘बेस गिटार’ म्हणालो आणि खाली कमेंट्सची रांग लागली. ‘सर, बॅस म्हणतात’, ‘दादा, ते बास आहे’. एकाने नुसतंच लिहिलंय, ‘बास करा आता’. ते मी मनावर घेतलेलं नाही.

अर्थ पटकन उरकतो. बेस म्हणजे खालचा सूर, आपण खर्ज म्हणतो तो. साधारण सेकंदाला 20 ते 250 कंपनं, म्हणजेच 20 ते 250 हर्ट्‌झ. गाण्यात सगळ्यात खाली जाणाऱ्या पुरुषी आवाजालाही बेसच म्हणतात. झालं.

आता खरी भानगड. स्पेलिंग बी-ए-डबल एस. डबल एस दिसला की आपली जीभ ‘क्लास’च्या वळणावर जाते. पण मूळ शब्द लॅटिनमधला ‘बासुस’, म्हणजे बुटका, ठेंगणा. तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा एकाच एसने लिहायचे. पुढे इटालियन संगीताचा दबदबा वाढला. तिकडे खालच्या आवाजाला ‘बासो’ म्हणतात, म्हणून इंग्रजांनी कागदावर दुसरा एस चढवला. तोंडात मात्र बेसच राहिला. लिहायचं इटालियन थाटात, बोलायचं घरच्यासारखं!

आखूड पायांचा तो बॅसेट हाउंड कुत्रा माहितीये ना? तोही याच ठेंगण्या खानदानातला.

मग ‘बॅस’ काहीच नाही का? आहे की. मासा आहे! स्पेलिंग हुबेहूब तेच, पण तो शब्द जुन्या इंग्रजीतून वेगळ्याच वाटेने आलाय. आपल्या जिताड्याला इंग्रजीत एशियन सी-बॅस म्हणतात. कॉलेजात असताना मी एका दुकानात ऐटीत म्हणालो, ‘बॅस गिटार दाखवा.’ काउंटरवरचे काका मान वर न करता म्हणाले, ‘मासळी बाजार पलीकडे.’ तेव्हापासून चुकलो नाही.

आणि तिसरा घोळ, पाया या अर्थाचा बेस. उच्चार तोच, म्हणून मंडळांच्या फ्लेक्सवरसुद्धा स्पेलिंग बी-ए-एस-ई छापतात. तो शब्द ग्रीक ‘बासिस’वरून आलाय. एक ताई दर व्हिडिओखाली लिहितात, ‘सगळ्याचं मूळ संस्कृत.’ ताई, मूळ नाही, पण नातं आहे बरं का! हा पायावाला बेस आणि संस्कृतातला ‘गम्’ धातू, म्हणजे गती, गमन, दोघं एकाच प्राचीन धातूची लेकरं. आवाजातल्या बेसचा मात्र त्यांच्याशी संबंध नाही. तो बुटक्याचा.

थोडं चिडून बोलू का? ‘बेस वाढव’ म्हणजे ‘आवाज वाढव’ नव्हे. मिरवणूक दोन गल्ल्या लांब असते, गाण्याचा एक शब्द कळत नाही, पण फडताळातले स्टीलचे पेले एकमेकांवर थरथरतात. उंच सूर भिंतींत अडकतो. 40 हर्ट्‌झची लाट साडेआठ मीटर लांब, तिला तुमची भिंत काय अडवणार?

आता ऐका, बेस गिटारची सगळ्यात जाड तार, 41 हर्ट्‌झ.

(तार छेडतो.)

फोनच्या स्पीकरवर ऐकताय? मग तुम्हाला फक्त वरची कुरकुर ऐकू आली. हेडफोन लावा, पुन्हा वाजवतो.