मूळ प्रत कोणती आणि प्रूफ कोणतं

श्रोतेहो, नमस्कार.

एका महानगरपालिकेच्या विधी शाखेत मी 31 वर्षं कारकुनी केली आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. कुठली महानगरपालिका ते विचारू नका. राहायला मी जन्मभर लालबागला, नोकरी खाडीपलीकडे. सगळी मुंबई सकाळी व्हीटीच्या दिशेनं लोंबकळत जायची, तेव्हा मी करी रोडहून उलट्या गाडीत खिडकीशी बसून विणकाम करत जायची. चौदा स्वेटर झाले त्या गाडीत. मुंबईत स्वेटर घालतं कोण, हा प्रश्न आमचे हे आजही विचारतात.

आज मला बोलायला सांगितलंय ते स्थानिक कारभार बघणाऱ्यांसाठी. नवे नगरसेवक, सरपंच, वॉर्ड ऑफिसात नुकताच लागलेला कारकून, नवा दुय्यम अभियंता. यांनी कायदा शोधायचा कुठं आणि वाचायचा कसा? तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं? पण नोटीस तुमच्याच दारावर लागते की नाही? मग ऐका.

पहिली गोष्ट. आपण उभे आहोत त्या जागेला कायदा कोणता लागू आहे, हे आधी बघायचं. दहिसर चेकनाक्यावर उभे राहा. अलीकडे मुंबई, इथं मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 सालचा. पलीकडे मीरा-भाईंदर, तिथं इतर महानगरपालिकांचा, 1949 सालचा. मुलुंड चेकनाका ओलांडून ठाण्यात शिरा, पुन्हा 1949. अलिबागला जा, तिथं नगरपरिषद, म्हणून 1965 चा अधिनियम. आणि अलिबागच्या पुढच्या गावात ग्रामपंचायत असेल तर 1958 चा. रस्ता तोच, गटार तेच, डासही तेच, पण कलमांचे आकडे निराळे. हे मी परत सांगते: आधी कायदा कोणता ते बघा, मग कलम. आधी कायदा, मग कलम.

हे मला कुणी शिकवलं ते सांगते. खरं तर तेवढंच सांगायला मी आज आले आहे.

1991 सालचा मे महिना. पावसाळा तोंडावर आला की धोकादायक इमारतींची यादी निघते आणि नोटिसा जातात. त्या वर्षी छापील नोटिसा संपलेल्या आणि छपाईचं टेंडर कुठंतरी अडकलेलं. साहेब म्हणाले, "बाई, स्टेन्सिल कापा आणि सायक्लोस्टाइल करून टाका." म्हणजे मेणकागदावर अक्षरं कापायची आणि तो यंत्रावर चढवून प्रती काढायच्या. मी जुनी प्रत शोधायला कपाट उघडलं, तर वरच्या फळीवर उंदरांनी बाळंतपणं केलेली. नोटिशींचा गठ्ठा म्हणून जे हाती आलं, त्यात वाचण्यासारखं एक वाक्य शिल्लक नव्हतं.

संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत मी हे शेजारच्या नानांना सांगितलं. नाना मुंबई महापालिकेत नोकरीला होते. (त्या गॅलऱ्या गेल्या, आता चोविसाव्या मजल्यावर शेजारी कोण आहे ते कुरिअरवाल्याला विचारावं लागतं. असो.) नाना म्हणाले, "हात्तिच्या, एवढंच ना?" आणि दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीतून त्यांच्याकडच्या नोटिशीचा एक कोरा नमुना घेऊन आले. कोपऱ्यावर आमटीचा डाग होता, पण मजकूर कसा शुद्ध!

मी तो समोर ठेवून स्टेन्सिल कापला. आणि हुशारीही केली. मुंबईचा कायदा 'मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888'. आमचा कायदा तेव्हा 'मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, 1949' या नावाचा. पुढं त्याचं नाव महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम झालं, पण त्या वेळी दोन्हींच्या नावात मुंबईच. मी मध्ये 'प्रांतिक' शब्द घातला, 1888 चं 1949 केलं आणि स्वतःवर खूश झाले. खाली कलमाचा आकडा होता 354. तो तसाच राहिला.

60 नोटिसा निघाल्या. साहेबांनी साठही सह्या केल्या, एकही न वाचता. आमचा शिपाई डालडाच्या डब्यात खळ आणि एक केस झडलेला ब्रश घेऊन दोन दिवस फिरला आणि सगळ्या चिकटवून आला.

तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ माझ्या टेबलाशी आले. सत्तरीचे असतील. पांढरा लेंगा, मनगटापर्यंत बटणं लावलेला सदरा, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. त्यांनी ते उलगडलं. आमची नोटीस होती. भिंतीवरून सोडवून आणलेली, मागं खळीबरोबर चुन्याचा पोपडा आलेला. मग खिशातून रेशनकार्ड काढलं, त्यातून चौघडी केलेला दुसरा कागद काढला. त्याच इमारतीला चार वर्षांपूर्वी आमच्याच ऑफिसनं दिलेली नोटीस. दोन्ही कागद त्यांनी माझ्याकडे तोंड करून शेजारी शेजारी मांडले आणि समोर बसून उलटे वाचायला लागले. न अडखळता. मी बघतच राहिले.

"40 वर्षं गिरगावात छापखान्यात खिळे जुळवायचो, कंपोझिटर होतो," ते म्हणाले. "खिळे उलटेच वाचायचे असतात. बाई, आता मला सांगा, यातली मूळ प्रत कोणती आणि प्रूफ कोणतं?"

मला काही कळेना. त्यांनी नखानं एका ओळीखाली रेघ ओढली. अंगठ्याच्या नखात काळं शिसं मुरलेलं. "इमारत तीच, मालक तोच, कायदा तोच, साल तेच. इथं कलम 264 आहे आणि इथं 354. चार वर्षांत कलम चालत कुठं गेलं?"

माझे कान तापले. पुस्तक काढलं. 264, पडायला आलेली बांधकामं. बरोबर जुनी नोटीस होती. आणि 354 हे याच विषयाचं कलम, पण मुंबईचं. म्हणजे मी खाडीपलीकडच्या साठ इमारतींना मुंबईची नोटीस लावून ठेवली होती.

मला वाटलं, आता हे म्हणणार, नोटीस चुकीची आहे, मी घर सोडत नाही. ते म्हणाले, "माझं सामान बांधून झालंय, मुलाकडे निघालोय. पण आमच्या मजल्यावरचे दोघं वकिलाकडे चाललेत. त्यांना ही चूक सापडली की ते हलणार नाहीत. आणि आमचा जिना काही कलम वाचून पडायचा थांबणार नाही."

मी विधी अधिकाऱ्यांकडे गेले. ते शांत माणूस. म्हणाले, "कायद्यानं आपल्याला अधिकार असेल, तर नुसतं कलम चुकीचं लिहिलं म्हणून तो अधिकार जात नाही, असं कोर्टांनी अनेकदा म्हटलंय. पण हे कोर्टाला पटवून देईस्तोवर गणपती येतील. नव्या काढा."

पुन्हा स्टेन्सिल. या वेळी यंत्रावर चढवण्याआधी साहेबच म्हणाले, "त्या गृहस्थांना दाखवून घ्या." ते आले. स्टेन्सिल उजेडाकडे धरला, वाचला आणि मान हलवली. म्हटलं, आता काय? "जीर्णमधली वेलांटी पहिली दिलीत. इमारत जीर्ण झाली तरी वेलांटी दुसरीच राहते, बाई." त्या लाल करेक्शन फ्लुइडचा नेलपॉलिशसारखा वास अजून माझ्या नाकात आहे. 60 नोटिसा परत गेल्या, आणि त्यातल्या निम्म्या मी स्वतः जिने चढून दिल्या. त्या गृहस्थांच्या जिन्याला चार टेकू होते आणि पाचवी पायरी नव्हतीच.

तर काय सांगत होते? हं. नमुन्यावरून नमुना काढू नका. पुस्तक उघडा.

आता वेळ थोडा उरलाय, भराभर सांगते. कलम उघडलं की क्रियापद बघा. 'येईल' आहे की 'पाहिजे' आहे? मुंबईच्या कायद्यात कलम 314 आहे. रस्त्यावरचं अतिक्रमण आयुक्तांना नोटीस न देता हटवता येईल, अशा अर्थाचं. फुटपाथवर राहणाऱ्यांचा ओल्गा टेलिस खटला याच कलमावर सर्वोच्च न्यायालयात गेला. 1985 साली पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला, सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड. कलम त्यांनी रद्द केलं नाही. पण म्हणाले, 'येईल' म्हणजे मुभा आहे, नोटीस देऊच नका असा हुकूम नाही. माणसाचं ऐकून घ्यायचं हा नियम, न ऐकणं हा अपवाद. आणि पावसाळा संपेपर्यंत, 31 ऑक्टोबरपर्यंत, झोपड्या हटवू नका असंही सांगितलं. एका 'येईल'वर एवढं सगळं अवलंबून होतं.

सही कोणाची तेही बघा. कायद्यात अधिकार आयुक्तांना असतो, मुंबईत कलम 68 खाली तो खालच्या अधिकाऱ्यांना देता येतो. तसा आदेश फाईलला आहे का? नसेल तर सही कितीही वळणदार असो.

शासन निर्णय, म्हणजे आपला जीआर. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा जीआर मी जीआर मानत नाही. त्याच ग्रुपवर हळदीनं सगळे रोग बरे होतात. जीआरच्या शेवटी 18 आकडी संकेतांक असतो, त्यातले पहिले आठ आकडे म्हणजे साल, महिना, तारीख. तो आकडा राज्य शासनाच्या संकेतस्थळावर टाका. सापडला तर खरा. मग वर 'वाचा' म्हणून जी यादी असते, ती खरोखर वाचा. आणि हा जीआर नंतर कुठल्या नव्या जीआरनं 'अधिक्रमित' केलाय का, ते शोधा. (हा 'अधिक्रमित' शब्द कोणी काढला त्याला एकदा भेटायचंय मला. 'रद्द' लिहिलं असतं तर काय शाई संपली असती?)

परिपत्रकं मिळत नाहीत, अशी तक्रार नगरसेवक करतात. अहो, माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 आहे ना. कुणी अर्ज करायच्या आधीच प्रत्येक कार्यालयानं 17 बाबी जाहीर करायच्या, त्यात कामासाठी वापरायचे नियम आणि सूचनाही आल्या. ती यादी मागा. नोकरीत असाल तर एलएसजीडी, म्हणजे स्थानिक स्वराज्याची पदविका, करून टाका. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था आपल्या मुंबईत 1926 पासून आहे. सरपंचांना, अधिकाऱ्यांना पुण्याची यशदा ही प्रशिक्षण संस्था आहे. आणि नवा नगरसेवक निवडून आला की तुम्ही शाल-श्रीफळ देता, ते बंद करा. मुंबईत शाल? स्वेटरचं मी आधीच सांगितलंय. त्यापेक्षा अधिनियमाची प्रत द्या.

ती कुठं मिळते? चर्नी रोडला उतरा, शासकीय मुद्रणालयाच्या पुस्तक विक्री केंद्रात जा. खासगी प्रकाशनांची पुस्तकंही चांगली असतात, फक्त कुठल्या सालापर्यंतच्या सुधारणा घेतल्यात ते पहिल्या पानावर बघून घ्या. सुट्टे पैसे जवळ ठेवा. आणि दुपारी एक ते दोन जाऊ नका, जेवणाची वेळ असते. मीही त्या वेळात कुणाला उत्तर दिलेलं नाही.

नमस्कार.