शेजारी परत येतो तेव्हा

पडद्यावर दिसतोय तो रुसुमोचा पूल. खाली कागेरा नदी, अलीकडे रवांडा, पलीकडे टांझानिया. एप्रिल १९९४च्या अखेरीस या एका पुलावरून चोवीस तासांच्या आसपास अंदाजे अडीच लाख माणसं पलीकडे गेली. डोक्यावर गाठोडी, पाठीशी बांधलेली पोरं. आणि त्याच दिवसांत नदीतून प्रेतं वाहत होती, पार व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत.

हुतू आणि तुत्सी या रवांडातल्या दोन जमाती. हुतू सरकारनं तुत्सींची कत्तल चालवली होती; नदीतली प्रेतं त्यांचीच. पुलावरची गर्दी बहुतांशी हुतूंची, पुढे सरकणाऱ्या, तुत्सींचं नेतृत्व असलेल्या बंडखोर सैन्याच्या भीतीनं निघालेली. त्या गर्दीत काहीच न केलेली कुटुंबं होती, आणि कालपर्यंत शेजाऱ्यांवर कोयते चालवणारेही होते. पुलावर कोण कोणाला विचारणार?

६ एप्रिलला रवांडाचे हुतू राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचं विमान पाडलं गेलं आणि त्याच रात्री कत्तल सुरू झाली. तयारी आधीपासून होती. ओळखपत्रावर जात-जमात छापण्याची पद्धत बेल्जियनांनी घालून दिलेली. तेच कार्ड आता नाक्यानाक्यावर जीव घेत होतं. रेडिओवरून नावं सांगितली जात होती. आणि २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेनं काय केलं? तिथली आपली शांतिसेना २७० माणसांवर आणायचा ठराव केला. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या वर माणसं मारली गेली. त्यात कत्तलीला विरोध करणारे हुतूही होते.

जुलैत राजधानी किगाली बंडखोरांच्या हाती पडलं, सत्ता त्यांच्याकडे गेली, आणि हुतूंचा दुसरा लोंढा पश्चिमेला, तेव्हाच्या झाईरमधल्या, म्हणजे आजच्या काँगोमधल्या गोमा शहराकडे निघाला. काही दिवसांत लाखो माणसं. तिथली जमीन म्हणजे ज्वालामुखीचा थिजलेला काळा खडक. त्यात शौचाचे खड्डे खणता येईनात, कबरीही खणता येईनात. कॉलऱ्यानं काही आठवड्यांत हजारोंच्या हजारो माणसं गेली.

मदत आली, पण छावण्यांचा ताबा हरलेल्या जुन्या हुतू सैन्याकडे आणि कत्तल करणाऱ्या इंटरहाम्वे या हुतू टोळ्यांकडेच राहिला. धान्य कोणाला द्यायचं ते ठरवणार तेच, गावी परतू म्हणणाऱ्याला धमकावणारही तेच. खुन्यांना पोसायला आम्ही तयार नाही, असं म्हणत नोव्हेंबरमध्ये ‘मेदसाँ साँ फ्रॉंतिएर’ या वैद्यकीय मदत संस्थेची फ्रेंच शाखा तिथून बाहेर पडली. खुनी आणि निर्वासित वेगळे करण्याचं काम मात्र जगानं अंगावर घेतलंच नाही. पुढचं बरंचसं दुःख त्यातून आलं, असं आम्हाला वाटतं.

निवाडा झाला, पण दोन अगदी वेगळ्या जागी.

एक जागा टांझानियातलं आरुशा. संयुक्त राष्ट्रांच्या न्यायाधिकरणानं तिथं ९३ जणांवर आरोप ठेवले. १९९८मध्ये ताबा गावचा माजी महापौर जाँ-पोल आकायेसू दोषी ठरला. बलात्कार हेसुद्धा वंशसंहाराचं हत्यार असू शकतं, हे एखाद्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं प्रथमच मान्य केलं. बायकांनी साक्षी दिल्या म्हणून हे घडलं.

दुसरी जागा गावातलं गवत, जिथं सगळा गाव निवाड्याला बसायचा. रवांडाच्या तुरुंगांत सव्वा लाखाच्या आसपास संशयित कोंबलेले होते. नेहमीच्या न्यायालयांतून सगळे खटले संपायला शंभराहून अधिक वर्षं लागली असती. म्हणून ‘गाचाचा’ ही तंटे मिटवण्याची जुनी गावसभा नव्या कायद्यानं उभी केली. गावानं निवडलेले पंच, वकील नाहीत, आणि समोर सगळा गाव. २००२ ते २०१२ या काळात सुमारे बारा हजार गाचाचांनी एकोणीस लाखांवर खटले चालवले. गुन्हा कबूल करणाऱ्याची शिक्षा कमी व्हायची. तिचा काही भाग रस्ते, घरं, शेतबांध बांधण्यात जायचा.

हा सौदा वाचलेल्यांना फार महाग पडला. ज्यानं घरचे मारले, तो काही वर्षांत त्याच पाणवठ्यावर, त्याच बाजारात समोर यायचा. साक्षीदारांना धमक्या आल्या, काहींचे खून झाले. लुटलेल्या मालमत्तेची भरपाई अनेकांना मिळालीच नाही. तरी एक गोष्ट गाचाचानं दिली, जी आरुशाला कधीच जमली नसती. कुठल्या विहिरीत, कुठल्या संडासाच्या खड्ड्यात, कुठल्या केळीच्या बागेत आपलं माणूस टाकलं, हे मारणाऱ्याच्या तोंडून कळलं. हाडं काढता आली, पुरता आली. माफी कोणी दिली, कोणी दिली नाही. न देणाऱ्यांनाही तितकाच मान मिळायला हवा. समेट घडवायची जबाबदारी आईबाप गमावलेल्या पोरीवर टाकायचा हक्क सरकारला नाही, आणि कॅमेरा घेऊन आलेल्या आम्हालाही नाही.

आता पुन्हा सीमेपलीकडे. १९९६च्या अखेरीस रवांडाच्या नव्या सैन्यानं, म्हणजे जिंकलेल्या त्या बंडखोरांनी, आणि त्यांच्या झाईरमधल्या साथीदार बंडखोरांनी झाईरमधल्या छावण्या मोडल्या. लाखो लोक चालत मायदेशी परतले. लाखो उलट दिशेला, जंगलात पळाले. त्यांच्या मागावर सैन्य होतं. बायका, मुलं, आजारी माणसं मारली गेली. २०१०मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयानं १९९३ ते २००३ या काळातल्या काँगोमधल्या ६१७ गंभीर घटनांची नोंद प्रसिद्ध केली. निर्वासितांवरचे हे हल्ले न्यायालयात सिद्ध झाले, तर ते वंशसंहार ठरू शकतात, असं त्यात म्हटलं आहे. रवांडानं ते साफ नाकारलं. विजयी सैन्याचे गुन्हे गाचाचापुढेही आले नव्हते.

या मृतांची मोजदाद केल्यानं तुत्सींचा वंशसंहार तसूभरही लहान होत नाही. तो झाला, ठरवून झाला. पण काँगोच्या जंगलात मेलेल्या पोराचीही आई होती, आणि तिला साक्ष द्यायला आजवर कुठलंही न्यायालय मिळालेलं नाही. त्या भागात पळून गेलेल्या खुन्यांमधून उभे राहिलेले सशस्त्र गट अजून आहेत; त्यांचं कारण पुढे करत लढायाही होतात. जानेवारी २०२५मध्ये एम२३ या काँगोतल्या बंडखोर गटानं गोमा ताब्यात घेतलं, तेव्हा भोवतालच्या छावण्यांमधून लाखो माणसं पुन्हा गाठोडी उचलून निघाली.

पूर्व काँगोतल्या बुकावू शहराचे डॉक्टर डेनिस मुक्वेगे यांना २०१८मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. बलात्कार झालेल्या हजारो स्त्रियांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या आहेत. त्या ६१७ घटनांसाठी आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण नेमा, ही मागणी ते वर्षानुवर्षं करत आहेत. ते अजून नेमलं गेलेलं नाही.