जुन्या संगणकावर सर्किट काढताना

श्रोतेहो, नमस्कार.

घरात एखादा जुना संगणक पडून असतो. रॅम जेमतेम दोन जीबी. आणि मुलगी म्हणते, मला सर्किटची आकृती काढायचीय. चौकशी केली की पहिलं नाव कानावर येतं ते कीकॅडचं. फ्रान्समध्ये 1992 साली सुरू झालेलं, पुढे सर्न प्रयोगशाळेनंही हातभार लावलेलं हे मोफत सॉफ्टवेअर खरोखर उत्तम आहे. पण त्यात सर्किट बोर्डाची आखणी, थ्रीडी चित्रं, सुट्या भागांच्या चिन्हांच्या भल्यामोठ्या लायब्ऱ्या असं सगळंच येतं. जुन्या संगणकाला हा भार पेलत नाही.

नुसती आकृती काढायची असेल, तर विंडोजवर टायनीकॅड घ्या. मोफत आहे, आटोपशीर आहे. लिनक्स असेल तर एक्ससर्किट बघा, छापायला फार देखणी आकृती मिळते. डाया हे आकृत्या काढायचं सॉफ्टवेअरसुद्धा हलकं आहे, पण डायामध्ये वायर म्हणजे नुसती रेघ. टायनीकॅडला मात्र कुठली पिन, म्हणजे सुट्या भागाचा पाय, कुठल्या पिनेला जोडली आहे, ते कळतं. मला हे सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, आणि ते का, तेही सांगतो.

मी पाच व्होल्टचा सप्लाय काढत होतो. ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा ब्रिज, 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि व्होल्टेज पाचवर स्थिर राखणारी 7805 ही आयसी, म्हणजे चिप. आकृती अगदी बरोबर दिसत होती. टायनीकॅडमधली तपासणी चालवली, तर 7805 चा मधला पाय, म्हणजे ग्राउंड, सुटा असल्याचं कळलं! झूम केल्यावर दिसलं, वायर पिनेच्या केसभर अलीकडेच थांबली होती. ग्राउंड सुटलं की 7805 पाच व्होल्ट राखत नाही, आत येणारा व्होल्टेज जवळपास तसाच बाहेर जातो. पुढची आयसी जळालीच म्हणून समजा.

म्हणून ग्रिड, म्हणजे वायर नेमकी पिनेवर बसवणारी पडद्यावरची जाळी, कधी बंद करू नका. दोन वायरी एकमेकींवरून गेल्या म्हणजे जोडल्या गेल्या असं नाही, जोड हवा तिथे ठिपका द्या.

आकृती पूर्ण झाली की तिची पीडीएफ करून ठेवा, ती कुठल्याही संगणकावर उघडते. टायनीकॅड सुट्या भागांची यादीही काढून देतं. ती छापून खिशात घाला आणि मगच मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड गाठा.

नमस्कार.