ताटातलं कडधान्य आणि मुलांचं वर्गीकरण

श्रोतेहो, नमस्कार.

लहान मुलांना विज्ञान शिकवायला कुठून सुरुवात करावी, असं पालक विचारतात. मी म्हणते, स्वयंपाकघरातल्या डब्यांपासून. मूग, चवळी, हरभरे, शेंगदाणे, मका, गहू, ज्वारी असं थोडं थोडं एका ताटात मिसळा आणि ते ताट चार-पाच वर्षांच्या मुलासमोर ठेवा. ‘मूग वेगळे कर, गहू वेगळे कर’ असं मात्र सांगू नका. त्यात ढीग तुम्हीच ठरवलेले असतात, मूल फक्त हमाली करतं. ‘जे एकमेकांसारखं वाटतं ते एकत्र ठेव’ एवढंच म्हणा आणि गप्प बसा. हे गप्प बसणंच आपल्याला जड जातं.

मूल बहुधा रंगावरून ढीग लावेल. कुणी मोठे-छोटे असे लावेल. एखादी मुलगी ‘हे आजी भिजत घालते आणि हे दळायला नेतात’ असेही दोन ढीग करेल. सगळं बरोबर. आपण विचारायचं ते एवढंच : ‘कशावरून ठरवलंस?’ कारण तोंडाने सांगता आलं की ढिगामागचा नियम मुलाला स्वतःलाच दिसतो. मग पुढची पायरी. ‘आता रंग विसरून जा, दुसऱ्या कशावरून तरी लाव बघू.’ तीन वर्षांचं मूल इथे अडतं. रंगावरून लावलेल्या वस्तू आता आकारावरून लाव म्हटलं, तर नवा नियम समजूनही ते पुन्हा रंगाकडेच वळतं. हा हट्ट नाही. पहिला नियम बाजूला सारणं त्या वयात अवघडच असतं. पाचव्या वर्षापर्यंत बहुतेकांना ते जमू लागतं. तेव्हा रागावू नका, काही महिन्यांनी पुन्हा विचारा.

आता खरी गंमत. हे दाणे रात्रभर भिजत घाला. सकाळी प्रत्येकाचं साल काढून मुलाला चिमटीत दाबायला सांगा. हरभऱ्याच्या, चवळीच्या, मुगाच्या अलगद दोन डाळी होतात. शेंगदाणा तर न भिजवताही दुभंगतो. मका कितीही दाबा, त्याच्या अशा दोन डाळी होत नाहीत. गव्हाला मधोमध चीर असते, म्हणून मुलं खात्रीने सांगतात की हा फुटणार. आणि तो फुटत नाही. लागू द्या पैज. आता ढीग नव्याने लागतात : दोन डाळींचे आणि एकसंध. रंगाचा इथे काही संबंध उरत नाही.

मूग आणि मका दोन कुंड्यांत पेरा. पानं येण्याआधीच विचारा, ‘दोघांची पानं सारखी येतील का?’ मुगाच्या पानावर शिरांचं जाळं दिसेल, मक्याच्या पानावर लांबच लांब समांतर रेघा. रोपं जरा वाढल्यावर हलकेच उपटून बघा : मुगाला मधलं एक मुख्य मूळ आणि त्याला फाटे, मक्याला तंतुमुळांचा झुपका. मग अंगणातलं गवत, कुंपणाची जास्वंद, शेतातला ऊस दाखवून विचारा, ‘हे कुणाच्या घराण्यातलं?’ रंगावरून केलेला ढीग रंगापलीकडे काही सांगत नाही. डाळीवरून केलेला ढीग मात्र न पाहिलेल्या पानाचा आणि मातीतल्या मुळाचाही अंदाज देतो. वर्गीकरण विज्ञानात येतं ते इथे, असं मला वाटतं.

पण अळूचं पान हाताशी असेल तर तेही दाखवा. अळू एकदल, म्हणजे मक्यासारख्या एकसंध बीच्या घराण्यातला, तरी त्याच्या पानात जाळं दिसतं. मुलांना असे घोळ आवडतात, आणि ते आपण लपवू नयेत. कार्ल लिनीअसने 1735 साली सजीवांची मांडणी प्रसिद्ध केली तेव्हा देवमासा माशांमध्ये ठेवला होता. 1758च्या आवृत्तीत त्याने तो सस्तन प्राण्यांमध्ये नेला. एवढा मोठा शास्त्रज्ञ ढीग मोडून पुन्हा लावतो, मग पहिलीतल्या मुलाने का लावू नये?

घोळ घालायला लोहचुंबकही छान. ‘चकाकतं ते चिकटतं’ असा नियम मुलं पटकन करतात. त्यांना पितळी निरांजन द्या, ॲल्युमिनियमचं झाकण द्या. दोन्ही चकाकतात, चिकटत नाहीत. मग नियम सुधारतो : ‘स्टीलचं चिकटतं.’ आता फडताळातले स्टीलचे डबे एकेक करून तपासू द्या. एखादा घट्ट धरतो, दुसरा दाद देत नाही, कारण स्टीलचे प्रकार वेगवेगळे असतात. तुम्ही उत्तर सांगितलं नाहीत तरी चालेल; नियम पुन्हा एकदा मोडला, हे पुष्कळ झालं.

एक प्रश्न मात्र जरूर विचारून बघा. पाच जास्वंदी आणि दोन झेंडू मांडा : ‘जास्वंदी जास्त आहेत की फुलं जास्त आहेत?’ पाच वर्षांचं मूल बेधडक सांगेल, जास्वंदी. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी असेच प्रश्न मुलांना विचारले. जास्वंद एकाच वेळी जास्वंदही आणि फूलही, हे मनात धरून मोजणं साधारण सात-आठ वर्षांच्या आसपास जमतं. त्याआधी ‘प्राणी’, त्यात ‘सस्तन’, त्यात ‘मांसभक्षी’ असे तक्ते पाठ करून घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. बालवाडीत ते लावलेले पाहिले की वाईट वाटतं.

याला महागडं साहित्य लागत नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला. तिथे आदिवासी मुलांसाठी खडे, शिंपले, पानं, बिया हेच साहित्य होतं. दुकानातल्या रंगीत प्लास्टिकच्या संचात रंग आणि आकार सोडून शोधण्यासारखं असतंच काय?

फक्त जपून. तीन वर्षांखालच्या मुलांना बारीक दाणे देऊ नका. ते नाकात, कानात जातात. त्यांना बटाटा, लिंबू, वाट्या, चमचे पुरेत. बिया गोळा करताना लाल-काळी गुंज आणि एरंडीची बी मुलांच्या हाती लागू देऊ नका. दिसायला सुंदर, पण चावली गेली तर दोन्ही विषारी. आणि खेळ संपल्यावर भिजलेले हरभरे वाया घालवू नका, उसळ करा. नमस्कार.